झाकली मूठ सव्वा लाखाची
(नवशिक्यांसाठी शस्त्रपरवाना : मानपाडा आवृत्ती)

सर्वात आधी आपला मानपाडा कोणता, ते नक्की करा. एक मानपाडा ठाण्यात, घोडबंदर रोडला. टिकुजिनीवाडीकडे वळणारा रस्ता, मागे येऊरचं जंगल, पुढ्यात मेट्रोचे खांब. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. मेट्रोचे खांब तिथेही आहेत, फक्त जंगलाच्या जागी टॉवर आहेत. दोन्हींच्या मध्ये खाडी आणि मुंब्र्याचा डोंगर. कुरिअरवाल्यांचा हा घोळ वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात तुम्ही बंदुकीची भर घालू नका. डोंबिवलीच्या मानपाड्याला त्याच नावाचं पोलीस ठाणं आहे, ठाण्याच्या मानपाड्याला चितळसरचं. अर्जावर नुसतं 'मु. पो. मानपाडा' लिहिलंत तर तुमच्या चारित्र्याची चौकशी भलत्याच गल्लीत होईल. त्या गल्लीत तुमच्याबद्दल कोणी वाईट बोलणार नाही हे खरं, पण चांगलंही कोणी बोलणार नाही.

दिलासा एवढाच की दोन्ही मानपाड्यांचा अर्ज शेवटी एकाच ठिकाणी जातो : खारकर आळीत, कळवा पुलाजवळ, ठाणे पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात. चहा कुठे चांगला मिळतो ते आधी बघून ठेवा. फेऱ्या होतील.

तुम्हाला परवाना का हवा आहे?

हा प्रश्न अर्जातही आहे आणि अर्जातलं उत्तर वेगळं असतं. अर्जात सगळेच 'स्वसंरक्षणार्थ' लिहितात. खरं उत्तर असं की शेजारच्या गावातल्या अमुकशेठच्या कमरेला आहे. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांत जमिनी गेल्या, टॉवर आले, गळ्यातली साखळी जाड होत होत शेवटी तिचं वजन मानेला पेलेना; काळी फॉर्च्युनर आली, तिला जुळणारा नंबर आला. आता पुढे काय? पुढची पायरी कमरेला आहे. तिथे वेपन आलं की माणूस लग्नात खुर्चीवर बसतानासुद्धा जरा वेगळा बसतो. का, ते पुढे येईलच.

तर ही पुस्तिका अशा होतकरूंसाठी आहे. ज्यांना खरोखर गरज असते, म्हणजे रोकड घेऊन रात्री घरी परतणारा सराफ, एटीएमची गाडी सांभाळणारा निवृत्त जवान, मुरबाडकडे रानडुकरांनी भात लोळवलेला शेतकरी, त्यांना असली पुस्तिका वाचायला वेळ नसतो. नेमबाजांचा रस्ताही वेगळा. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणल्यावर त्याच्या राधानगरी तालुक्यातल्या पोरांना रायफल म्हणजे खेळाचं साहित्य वाटू लागलं असेल, तर चांगलंच आहे. पण नेमबाज म्हणून अर्ज करायचा तर नेमबाजी करून दाखवावी लागते. त्यापेक्षा जिवाला धोका सोपा.

नियम राज्यभर एकच हवेत, असं म्हणणाऱ्यांना

अर्ज करायला निघालात की नाक्यावर कोणीतरी हमखास भेटतो. तो म्हणतो, बीडमध्ये कोणालाही मिळतं, आपल्याकडे मात्र नाटकं करतात; महाराष्ट्रभर एकच नियम पाहिजे. नवशिक्यांनी या वाक्याला मान डोलवू नये. नियम एकच आहेत. राज्यभरच काय, देशभर एकच आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे, आणि हे दोन्ही दिल्लीचे. मुरबाडच्या शेतकऱ्याला, मलबार हिलच्या उद्योगपतीला आणि मानपाड्याच्या शेठला तोच 'ए-१' नमुना भरावा लागतो.

इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यात मात्र खरोखर दोन न्याय होते. हिंदी माणसाला परवाना लागायचा, गोऱ्याला बहुतेक वेळा लागायचा नाही. त्या काळातली एक सूट अजून जिवंत आहे, ती कूर्गच्या कोडवांना. केंद्राने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षं वाढवून दिली. हे वाचून कोणाला तिकडे सोयरीक जमवायची कल्पना सुचत असेल तर आधीच सांगतो : सूट जमातीला आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या धारकांना आहे, जावयाला नाही.

मग फरक कुठे पडतो? देणाऱ्यात पडतो. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे परवाना आयुक्त देतात, जिथे नाही तिथे जिल्हाधिकारी. म्हणजे एकाच ठाणे जिल्ह्यात डोंबिवलीकर खारकर आळीला जातो आणि शहापूर-मुरबाडचा माणूस कोर्ट नाक्याला, कलेक्टर कचेरीत. गंमत अशी की दोन्ही मानपाडे ज्या रस्त्यांवर आहेत त्यांची दुसरी टोकं परक्या हद्दीत जातात. घोडबंदर रोड सरळ पकडा, काशिमीऱ्याला पोहोचलात की २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं आयुक्तालय. कल्याण-शीळ रस्त्याने शीळफाटा गाठून महापेकडे वळलात की नवी मुंबईचं. एकदा हातात पडलेला परवाना त्यावर जेवढं क्षेत्र लिहिलंय तेवढ्यात चालतो, हद्द बदलली म्हणून तो लगेच मरत नाही. पण तो हातात पडणार की नाही हे मात्र तुमचं अंथरूण फाट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे यावर असतं.

कारण नियमांत एक जागा मोकळी सोडलेली आहे. आपल्या राहण्याच्या ठिकाणामुळे, धंद्यामुळे किंवा अन्य कारणाने ज्याला जीव आणि मालमत्ता वाचवायची खरीखुरी गरज आहे, त्याचा विचार करावा, असं नियम सांगतात. गरज खरीखुरी केव्हा म्हणायची, ते सांगत नाहीत. ते त्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचं. ३१ डिसेंबर २०१६ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात ३३.६९ लाख परवाने होते. त्यांतले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४,०५०. कायदा तोच, अर्ज तोच. तिकडे धोका जास्त पिकतो म्हणायचं, की तो मोजायचं माप मोठं आहे?

बीडचं तर सगळ्यांना पाठ आहे. २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा जाहीर मांडला : १,२२२. शेजारच्या परभणीचा आकडा त्यापुढे अगदीच किरकोळ होता. मग प्रशासनाने यादी उघडली आणि ज्यांच्यावर गुन्हे आहेत अशांचे परवाने रद्द करायला घेतले. यादी आधीही त्याच कपाटात होती आणि गुन्हेही. तेव्हा नाक्यावरच्या माणसाला एवढंच सांगा, बाबा रे, नियम एकसारखे करून झालेत, आता राहिलंय ते माणसं एकसारखी करणं.

अमेरिकेत नेमकं उलटं दुखणं आहे. तिथे नियमच पन्नास ठिकाणी पन्नास. एडिसनमध्ये राहणारा आपला मराठी माणूस पेनसिल्व्हेनियाचा परवाना खिशात घेऊन डेलावेअर नदी ओलांडून घरी आला, तर न्यू जर्सीच्या लेखी तो गुन्हेगार. एका राज्याचा लपवून बाळगण्याचा परवाना सगळ्यांनी मानावा, असं विधेयक तिथल्या प्रतिनिधीगृहाने २०१७ मध्ये मंजूर केलं, पुढे सिनेटमध्ये ते अडकलं. न्यूयॉर्कमध्ये आपल्यासारखंच 'सबळ कारण' दाखवावं लागायचं. ती अट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उडवली, कारण त्यांच्या घटनेत शस्त्र हा हक्क आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, एका प्रकरणात मुद्दाम बोलून दाखवलं की आपल्या घटनेने असा कोणताही हक्क दिलेला नाही. तेव्हा टेबलासमोर उभं राहून 'माझा हक्क आहे' म्हणू नका. 'साहेब, बघा जरा' म्हणा.

धोका कसा तयार ठेवावा

अर्जाचा हा गाभा आहे. इथे घाई करू नका.

कागद सगळ्यांचे सारखेच असतात. वय २१ पूर्ण हवं. ओळख, पत्ता, फोटो. डॉक्टरचा दाखला, त्यात मानसिक स्वास्थ्यही आलं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. वेपन घरात कुठे आणि कसं कुलपात ठेवणार याची हमी. आमच्याकडचे अर्जदार यावर सातबारा, बंगल्याचा फोटो आणि तीन वर्षांचं आयकर विवरण न मागता जोडतात. कायदा तर असं म्हणतो की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येणार नाही. पण हे कलम मानपाड्यात कोणाला वाचून दाखवू नका, अपमान समजतील.

राहिला धोका. तो असा असावा की अर्जदाराच्या जिवाला भीती आहे हे पटावं, पण अर्जदारापासून कोणाला भीती आहे असं वाटू नये. नवशिका नेमका इथे फसतो. आपलं वजन दाखवायला तो सांगतो, 'माझं नाव ऐकलं की अख्खी गल्ली टरकते.' ही माहिती परवाना विभागाच्या नव्हे, गुन्हे शाखेच्या उपयोगाची आहे.

पोलीस ठाण्यातली चौकशी साधारण कशी होते, त्याचा हा नमुना. सरावासाठी घरी कोणाला तरी हवालदार करून बसवा.

'शेठ, धमकी कधी आली?'

'अजून आली नाही. पण येऊ शकते ना, साहेब.'

'कोणाकडून?'

'तेच तर कळत नाही. म्हणून तर वेपन पाहिजे.'

'मागच्या पाच वर्षांत तुमची काही तक्रार दाखल आहे?'

'आहे की. दोन आहेत.'

'कसल्या?'

'एक सोसायटीच्या पार्किंगची. दुसरी माझी नाय, माझ्यावर आहे.'

इथे चौकशी संपली. पुढचं सगळं सौजन्य असतं, चहासुद्धा.

हवालदार मग तुमच्या इमारतीत येतो. वॉचमन, खालचा किराणावाला, समोरच्या घरातले काका. काकांना कळतं की तुम्ही बंदूक घेताय, आणि तुम्हाला कळतं की काकांना कळलं. त्या दिवसापासून तुमची गाडी त्यांच्या जागेत लागली तरी ते काही बोलत नाहीत. जाणते लोक म्हणतात की परवान्याचा निम्मा उपयोग इथेच वसूल होतो आणि बाकीचा खर्च वाचवून इथेच थांबावं. मलाही ते पटतं, पण या पुस्तिकेचा तो उद्देश नाही.

ठाण्याचा अहवाल मग वर सरकतो : सहायक आयुक्त, मग उपायुक्त, कल्याणचे किंवा वागळे इस्टेटचे, आपापल्या मानपाड्याप्रमाणे. मग आयुक्तालय. नियमांत पोलिसांच्या अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतरच्या निर्णयाला ६० दिवस दिलेले आहेत. हे आकडे पाठ ठेवा, पण कोणाला म्हणून दाखवू नका.

नाकारला तर

कारण लेखी मागा. कायद्याने ते द्यावं लागतं, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तर सोडून. मग अपील. आयुक्तांच्या निर्णयावर अपील मंत्रालयात, गृह विभागात होतं. इथे मोजमापाची दुसरी पट्टी सुरू होते. २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यातलं एक प्रकरण याच वाटेवर गाजलं. पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला होता आणि अर्जदार होता एका नामचीन गुंडाचा भाऊ. अर्जदार खटल्यांतून निर्दोष सुटलेला आहे, असं मंत्र्यांचं म्हणणं होतं. कायद्याच्या चौकटीत दोन्ही बाजू बसतात, हीच या चौकटीची खुबी. खालच्याला धोका अर्जदाराकडून दिसतो, वरच्याला अर्जदाराला दिसतो.

खरेदी

परवाना मिळाला की दुकानात जा. एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन वेपन. २०१९ पर्यंत तीन चालायची. सरकारने आधी एकावर आणायचं ठरवलं होतं, पण तक्रारी झाल्या आणि दोनवर तडजोड झाली. परवान्याची मुदतही त्याच दुरुस्तीत तीनाची पाच वर्षं झाली. निषिद्ध बोअर मागू नका, ते मिळत नाही आणि मागणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

आपल्यासारख्यांना बहुधा .३२ येतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया घटनेनंतरच्या हळहळीतून ते नाव आलं होतं. सव्वा लाख रुपये आणि परवान्याच्या फेऱ्या परवडणारी बाई रात्रीच्या शेवटच्या लोकलने डोंबिवलीला उतरते का, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला.

दुकानदार बारकाईने सगळं दाखवेल. एका गोष्टीकडे नवशिक्याचं लक्ष नसतं, ती म्हणजे होल्स्टर. तो खरं तर आधी निवडायचा असतो. चामड्याचा, नक्षीचा, मोरपिसाच्या कोरीवकामाचा घेऊ नका, मोह होईल तरी. का, ते पुढच्या भागात.

बाळगणे : हा भाग दोनदा वाचा

इथे सगळ्या मानपाडाकरांचा स्वप्नभंग होतो. २०१६ च्या नियमांतला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि ते तुमच्या ताब्यात हवं. पूर्ण. मूठही दिसता कामा नये. हवेत नाचवणं, रोखणं, दाखवणं सगळं बंद, आणि केलंत तर परवाना गेला. अमेरिकेत काही राज्यांत उघडं बाळगता येतं आणि लपवून बाळगायला वेगळा परवाना लागायचा. आपल्याकडे लपवून बाळगणं हीच एकमेव रीत आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे तर नेताच येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय.

म्हणजे एवढी उस्तवार करून आणलेली वस्तू कोणालाही दाखवायची नाही. सव्वा लाखाची मूठ खरोखरच झाकलेली ठेवायची.

आता हळदीला जाऊ. मंडपात हॅलोजन लावलेत, डीजेची भिंत उभी आहे, गाण्यात नवरदेवाच्या गावाचं नाव घातलंय. परवानाधारक येतो तो कडक इस्त्रीचा पांढरा लिननचा शर्ट घालून, खोचलेला नाही, बाहेर. इथपर्यंत नियमाप्रमाणे. पण पांढऱ्या लिननमागे हॅलोजन असला की चामड्याचा चौकोन जसाच्या तसा दिसतो. तो दिसावा म्हणूनच पांढरा. मग तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो. होल्स्टर बरगडीत रुततो, म्हणून तो तिरपा बसतो, एक कुल्ला बाहेर काढून. शर्टाचं टोक मुठीवर अडकतं. तो ते खाली ओढत नाही. फोन वाजतो. फोन डाव्या खिशात आहे हे त्याला माहीत आहे, तरी तो आधी उजवीकडे चाचपतो. मग आजी येते, तिच्या पाया पडायला तो खोल वाकतो, नेहमीपेक्षा जास्तच खोल, आणि मागे उभी असलेली पोरं एकमेकांना कोपर मारतात. आजी विचारते, 'पाठीला काय झालंय रं तुला?'

एवढ्यावर थांबलं तर कोणाचं फार बिघडत नाही. रात्री बाराला नवरदेव खांद्यावर जातो, कोणीतरी तलवारीने केक कापतो, नोटा उडतात, आणि शेठचा हात वर जातो. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये सोळा सेकंदांचा व्हिडिओ तयार होतो. पहाटे तो स्टेटसला, दुपारी बातम्यांत, संध्याकाळी पोलीस ठाण्यात. तिथली ठरलेली उत्तरं अशी : 'ते लायटर होतं', 'ते पोराचं खेळणं होतं', 'ते माझं नव्हतं, पावण्यांचं होतं.' पहिली दोन खरी निघाली तर सुटका होते, पण मग गावात कोणाला तोंड दाखवायची सोय राहत नाही. बंदूक खरी निघाली तर कोठडी आणि खोटी निघाली तर आयुष्यभराचं हसं, यांत काय बरं, हे मी शेठलोकांना विचारलं आहे. उत्तर देताना सगळेच जरा थांबतात.

आणि बार काढलात, तर खुशीतल्या गोळीबाराला २०१९ पासून वेगळं कलम आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येते. मंडपात ताडपत्री असते, पत्रा नसतो. परवाना नसताना जवळ बाळगणाऱ्याला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. 'लायसन्स भावाचं आहे' याचा अर्थ कायद्यात 'लायसन्स नाही' असाच होतो.

कमरेला असलेल्या वस्तूचा आपल्या भागात काय उपयोग होतो, हे सगळ्यांनी २ फेब्रुवारी २०२४ ला पाहिलं. उल्हासनगरचं हिल लाइन पोलीस ठाणं, वरिष्ठ निरीक्षकांचं दालन, जमिनीचा वाद घेऊन आलेल्या दोन बाजू. सीसीटीव्हीत सगळं आहे : टेबल, खुर्च्या, मध्येच उठलेली माणसं. शिंदे गटाचे महेश गायकवाड गोळ्या लागून जखमी झाले आणि भाजपचे कल्याण पूर्वेचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. वेपन परवान्याचं होतं. सहा दिवसांनी दहिसरला मॉरिस नोरोन्हाने फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना मारलं आणि मग स्वतःला. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवाना उत्तर प्रदेशात काढलेला. दोन्ही ठिकाणी अर्ज भरून झाला होता, शिक्के बसले होते. स्वसंरक्षणासाठी याहून सुरक्षित जागा कोणती असेल, जिथे समोर वरिष्ठ निरीक्षकच बसलेले आहेत? आणि तिथेच ते कमरेतून बाहेर आलं. उल्हासनगरचं प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून यापुढे मी काही बोलत नाही. परवाना देणाऱ्याने मात्र अर्जातल्या 'कारण' या रकान्याकडे त्या दिवशीचं चित्रण डोळ्यांसमोर ठेवून एकदा पाहावं.

जमा करणे

निवडणूक लागली की वेपन ठाण्यात जमा करायचं, असा सगळ्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. सरसकट सगळ्यांची शस्त्रं काढून घेऊ नका, प्रत्येकाचं बघून ठरवा, असं न्यायालयांनी सांगितलेलं आहे. त्यासाठी छाननी समिती असते. ती बघते की कोण जामिनावर आहे, कोणावर जुने गुन्हे आहेत, मागच्या निवडणुकीत दंगलीत कोण होतं. अशांना नोटीस जाते. बँकेचे रखवालदार आणि नेमबाज सहसा सुटतात.

नवशिक्याला वाटतं, नोटीस आली नाही म्हणजे बरं झालं. तसं नाही. समजा, कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची निवडणूक आहे, वॉर्डात जो तो कोणाचा ना कोणाचा माणूस आहे, आणि समितीने तुमचं नाव वाचून 'यांच्यापासून काही भीती नाही' म्हणून पान उलटलं. एवढ्या वर्षांची मेहनत एका शेऱ्यात गेली. मी ऐकलंय की काही जण नोटीस न येताच जमा करायला जातात. ड्यूटी ऑफिसर समजावतो, 'तुमचं नाव यादीत नाही, शेठ, घेऊन जा घरी.' शेठ म्हणतो, 'राहू द्या साहेब, उगाच कशाला रिस्क.'

जमा करण्याच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला जा, तेव्हा गर्दी असते. वेपन रिकामं करून, काडतुसं वेगळी बांधून, सगळं झाकून न्या. परवान्याचं पुस्तक सोबत ठेवा, मुदत संपलेली नाही ना ते बघा. टेबलावर क्रमांक ताडून बघतात, नोंद करतात. रांगेत पुढे-मागे कोण उभं आहे ते निवांत पाहून घ्या. गावात इतकी वर्षं कोणाकडे आहे आणि कोणाकडे नुसताच फुगीर शर्ट आहे, याचा निकाल इथे लागतो.

शेवटी पावती मिळते, ठाण्याचा शिक्का मारलेली, वेपनच्या क्रमांकासकट. ती शर्टाच्या वरच्या खिशात, थोडी बाहेर डोकावेल अशी ठेवायला हरकत नाही. पावती झाकून न्यावी असा नियम नाही.